सहा डावी, सहा उजवी

ट्राम सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा सगळं शहर नुसतं मजेत होतं. तिकीट फुकट होतं, डबे कोरे करकरीत होते, आणि लोक पोराबाळांना घेऊन उगीचच या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून येत होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच लोकांना कामावर जायची वेळ आली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की समोर येऊन उभी राहिलेली ट्राम नेमकी कुठे जाणार, हे तिच्याकडे बघून काही कळत नाही.

आता सहा नंबरचंच बघा. गावाबाहेरच्या वसाहतींमधून ती निघायची आणि गोल चौकापर्यंत सरळ यायची. तिथून तिला दोन फाटे फुटायचे. एक ट्राम डावीकडे वळून मोठ्या इस्पितळाला जायची, तिचं नाव सहा डावी. दुसरी उजवीकडे वळून बंदरावर जायची, ती सहा उजवी. इथपर्यंत ठीक होतं. पण परत येताना डावी ट्राम उजवीकडून यायची आणि उजवी डावीकडून, नावं मात्र तीच. शिवाय एक सहा जलद होती. ती इस्पितळाच्या बाजूला जायची खरी, पण इस्पितळाला न थांबता पुढे निघून जायची. डावी, उजवी की जलद, हे ट्रामच्या कपाळावर लिहिलेलं असायचं, तेही एवढ्या बारीक अक्षरात की ते वाचून होईपर्यंत दारं बंद. पेशंट बंदरावर जाऊन पोचले, बोटीवर जाणारे खलाशी इस्पितळाच्या दारात उतरले. एक नवरदेव म्हणे स्वतःच्याच लग्नाला दुपारी पोचला. खरंखोटं देव जाणे, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणीही शंका घेतली नाही.

कात्रीबाई याच सहा नंबरच्या मार्गावर राहायची. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखणी करायची आणि कटिंग मशीन हातात धरून बाह्या, कॉलर, पाठी सपासप काढायच्या, हे तिचं काम. कात्रीबाई हे नाव तिला कारखान्यातल्या बायकांनी दिलेलं. ते कामावरून पडलं की जिभेवरून, यावर अजून दोन मतं होती. नवरा तिचा लिफ्ट मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेलेल्या. बिघडलेल्या लिफ्टच्या दाराला नुसता कान लावून तो आजार सांगायचा, असं लोक म्हणत. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्याच किडन्या बंद पडल्या. तेव्हापासून काम सुटलं, आणि आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जखडून घेणं नशिबी आलं. पूर्वी घराजवळून थेट बस होती. ट्राम आली आणि ती बस बंद झाली.

पहिल्यांदा तो पोचला नाही, तेव्हा कात्रीबाई बेलबॉयच्या तांबड्या कोटांच्या पाठी कापत होती. डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला.

"काकू, काका आज येणार नाहीयेत का?"

"म्हणजे? सकाळीच निघालेत ते."

नवऱ्याला फोन लावला तर तो उचलेना. मालकिणीला काहीतरी सांगून ती घरी पळाली आणि दुपारभर खिडकीत उभी राहिली. तो आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. चेहरा ओढलेला, बुटांवर धूळ.

"डावी समजून उजवीत बसलो," तो म्हणाला. "बंदरावर जाऊन उतरलो बघ. तिथून परत यायला कुठली धरायची तेच कळेना."

"अहो, फोन नाही का करायचा?"

"आवाज बंद होता फोनचा."

तिने त्याला खुर्चीत बसवलं, पाय वर घेऊन बूट काढले आणि ट्राम काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सिस्टरने दुसऱ्या दिवशी मधली वेळ काढून दिली. निभावलं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा चुकला. या वेळी म्हणे जलद ट्राममध्ये चढला. इस्पितळ डोळ्यांसमोरून निघून गेलं आणि हा आत बसून हात हलवतोय. कारखान्यात हे सांगितलं तर कुणालाच नवल वाटलं नाही. काजं-बटणं करणारी म्हणाली, "अहो, माझ्या सासूबाई डोळे तपासायला निघाल्या आणि बंदरावर मासे बघून आल्या. वर म्हणतात कशा, बरं झालं, कधीचे बघायचे होते." सगळ्या हसल्या. कात्रीबाईही हसली.

मग काही दिवस ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. त्याला खुर्चीत बसवून यायची, धावतपळत कारखाना गाठायची. मालकीण एक-दोनदा गप्प बसली, तिसऱ्यांदा म्हणाली, "तुझं दुखणं कळतं गं मला. पण टेबल रिकामं पडलं की खालच्या सगळ्याजणी हातावर हात धरून बसतात." नवराही म्हणाला, "तू कशाला खाडे करतेस? आता पाठ झालंय मला." म्हणून तिने त्याला एकट्याला सोडलं. आणि तो पुन्हा चुकला.

गावी असलेल्या लेकीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ती म्हणाली, "आई, एक विचारू? बाबा आख्ख्या लिफ्टचं वायरिंग डोळे मिटून करायचे. त्यांना ट्राम कळत नाही?"

कात्रीबाईचा पारा चढला. "दोन वर्षं सुया टोचून घेतोय तो माणूस. डोकं जाग्यावर राहतं का? तुला काय होतंय तिकडे बसून बोलायला!"

फोन ठेवल्यावर कात्रीबाईला वाईट वाटलं. पण हा राग कुठेतरी काढायलाच हवा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि थेट ट्रामच्या कचेरीत जाऊन धडकली.

तिथे जत्रा भरली होती. तिचा नंबर लागला तो एका तरुण अधिकारी मुलीसमोर. मार्गांचं काम तिच्याकडे होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर गार झालेला चहा. कात्रीबाईने खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली.

"तुम्हाला डावं-उजवं कुणी शिकवलं नाही का लहानपणी? जाताना डावी ती येताना उजवी, हे काय माणसाचं डोकं आहे? माझा नवरा मशीनवर जगतोय. तीनदा चुकलाय तो. त्याला काही झालं ना, तर तुमच्या त्या ट्रामसमोर आडवी पडेन मी!"

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का मावशी? नावं ठरवली तेव्हा आम्ही सगळे भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून बसलो होतो. नकाशाच्या बाजूने बघितलं की सगळं बरोबर वाटतं. परत येणाऱ्या माणसाचं कुणाला सुचलंच नाही." तिने चहाचा कप बाजूला सारला. "मी पाट्या बदलायचं म्हणतेय, पण वरचे म्हणतात, लोकांना सवय होईल. तुम्ही गुरुवारी सकाळी गोल चौकात याल? तुमचे मिस्टर कुठे उभे राहतात, कुठे गोंधळतात, ते मला प्रत्यक्ष दाखवा. फोटो काढून वर पाठवते. मग बघू कसं नाही म्हणतात."

पोरगी इतकी सरळ निघेल असं कात्रीबाईला वाटलं नव्हतं. तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. "येते," ती म्हणाली.

घरी तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. आपल्याला कुणी लपून बघतंय म्हटल्यावर तो बिचारा आणखीनच भांबावेल, असं तिला वाटलं. गुरुवारी ती नेहमीसारखी कारखान्याला म्हणून निघाली आणि गोल चौकात उतरली.

चौक म्हणजे नुसता गदारोळ. मधोमध फलाट, दोन्ही बाजूंना रूळ, आणि माना वर करून बारीक अक्षरं वाचणारी माणसं. अधिकारी मुलगी फोन हातात धरून एका खांबाजवळ उभी होती. कात्रीबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोन-तीन ट्रामा गेल्या आणि मग गर्दीतून तिला नवऱ्याचा राखाडी कोट दिसला.

मुलीला खूण करायला ती हात वर करणार, तेवढ्यात थांबली.

एक जोडपं मोठ्या बॅगा ओढत नवऱ्यापाशी आलं होतं. बाईच्या कडेवर तापलेलं, मलूल पोर. काहीतरी विचारत होते ते. नवरा खाली वाकला, पोराच्या गालाला बोट लावून बघितलं आणि बोलायला लागला. आवाज त्याचा पहिल्यापासूनच खणखणीत. लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला हाक मारायची सवय ती.

"ही समोरची नको. ही जलद आहे, थांबणारच नाही. हिच्यामागे येईल ती घ्या. अक्षरं वाचत बसू नका, ड्रायव्हरच्या डाव्या हाताचा दिवा बघा. तो पेटला की डावी. आणि येताना काय करा, इस्पितळाच्या समोरच्या फलाटावर जाऊ नका. उतरलात तिथेच उभे राहा. गाडी पुढून वळसा घालून तिथेच येते."

जोडप्याने मान हलवली. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीनेही काहीतरी विचारलं. तिलाही त्याने सांगितलं, हाताने हवेत वळणं काढून, कुठे उतरायचं, कुठली सोडून द्यायची. एकदाही अडखळला नाही. तेवढ्यात डावी आली. त्याने बॅगा वर चढवून दिल्या, म्हातारीच्या कोपराला आधार दिला. ड्रायव्हरने घंटी वाजवली. दार त्याच्या नाकासमोर उघडं होतं. तो दोन पावलं मागे सरला. ट्राम गेली.

कात्रीबाईच्या कानांत गुं गुं व्हायला लागलं.

"आले का मावशी?" अधिकारी मुलीने विचारलं. "कुठले तुमचे मिस्टर?"

उजवी येऊन उभी राहिली होती. राखाडी कोट शांतपणे तिच्यात चढला.

"नाही आले अजून," कात्रीबाई म्हणाली. स्वतःच्या आवाजावर तिचा विश्वास बसेना. "तुम्ही... तुम्ही काढा फोटो. इथे सगळेच चुकतात." आणि मागच्या दाराने ती त्याच ट्राममध्ये शिरली.

तो पुढे खिडकीशी बसला होता. ती मागे दांड्याला धरून उभी राहिली. वाटेत तिकीट तपासणारा चढला. एकेकाचं तिकीट बघत नवऱ्यापाशी आला आणि ओळखीचं हसला. "काय काका, आज पुन्हा बंदर?"

"हो ना. हवा बरी असते."

त्या एका 'पुन्हा'ने तिला सगळं सांगितलं. खिडकीत काढलेल्या दुपारी आठवल्या. बुटांवरची ती धूळ तिने स्वतःच्या पदराने पुसली होती.

शेवटच्या थांब्यावर उतरणारे मोजकेच होते. समोर गोदामं, क्रेनचे उंच सापळे आणि पलीकडे मळकट पाणी. तो एका बाकावर जाऊन बसला. चालताना मध्येच थांबत होता, हे तिने पाहिलं. ती मागून गेली आणि काही न बोलता शेजारी बसली.

त्याने मान वळवली. दचकला नाही. फक्त खांदे खाली आले, जड पेटी खाली ठेवल्यासारखे.

"कधीपासून कळतंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय?"

"डावी-उजवी."

तो पाण्याकडे बघत राहिला. "पहिल्या दिवसापासून."

तिला वाटलं होतं, तो निदान काहीतरी बहाणा करेल. "मी त्या पोरीला कचेरीत जाऊन वाट्टेल ते बोलले. पोटच्या पोरीला तोडून बोलले. मालकिणीपुढे तोंड वेंगाडलं. आणि तुम्ही इथे हवा खाताय?"

"हो."

"मरायचंय का तुम्हाला? तसं असेल तर सांगा सरळ. मीही मोकळी होते."

"मरायचं नाही गं," तो पटकन म्हणाला. "फक्त आज जायचं नाही, एवढंच असतं. उद्या जाईन असं वाटतं. आणि जातोही, बघ ना."

एक क्रेन कण्हत वळली. तो पुन्हा बोलायला लागला. मध्ये मध्ये धाप लागत होती.

"माझ्या शेजारच्या खुर्चीवर तो घड्याळवाला असायचा, आठवतो? टकला. चार तास आम्ही भांडायचो. लिफ्ट आधी की घड्याळ आधी. काही अर्थ नसायचा त्याला. पण वेळ जायचा. एक दिवस आलो तर खुर्ची रिकामी. त्यानंतर आलो तर तिथे दुसराच माणूस. तीच उशी, तीच निळी चादर, धुऊन घातलेली. मी सिस्टरला विचारलं तर म्हणाली, ते आता येत नाहीत. येत नाहीत! जशी काही शिकवणी सोडली त्याने." तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. "मग मला ती खुर्ची बघवेना. माझी स्वतःची पण."

"मग मला सांगायचं ना. बायको आहे ना मी तुमची?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाली असती ते तिला माहीत होतं.

"वाट चुकलो म्हटलं की सगळे समजून घेतात," तो म्हणाला. "नको वाटतंय म्हटलं की समजूत घालत बसतात. तेवढं बोलणं ऐकायची ताकद नव्हती माझ्यात."

"चला, घरी चला," ती म्हणाली. "सिस्टरला फोन करते, संध्याकाळी घेतात का बघते."

तो उठला आणि लगेच मटकन खाली बसला. ओठ निळसर पडले होते. तिने खाली बघितलं. बुटाच्या नाड्या सुटलेल्या नव्हत्या, त्याने त्या मुद्दामच बांधल्या नव्हत्या. पाय बुटात मावतच नव्हते. छातीतून घुरघुर आवाज येत होता, नळीत पाणी अडकल्यासारखा. किती दिवस हे अंगावर काढत होता हा माणूस, आणि आपण याच्या डाळीतलं मीठ मोजत बसलो.

अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, बंदराचा पूल बोटींसाठी वर उचललाय, गाड्यांची रांग लागलीये, यायला वेळ लागेल.

"ट्राम," नवरा म्हणाला. "तिचा पूल वेगळा आहे."

थांब्यावर दोन ट्रामा उभ्या होत्या, एकीमागे एक. दोन्हींवर भला मोठा सहाचा आकडा. बारीक अक्षरं तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात विरघळून गेलेली. तिने त्याला काखेत धरून उभं केलं. "कुठली?"

तो दम घेत राहिला.

"अहो, कुठली ते सांगा!"

त्याने तिच्याकडे बघितलं. त्या एका क्षणात तिला जी भीती वाटली तशी तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो खोटंही सांगू शकत होता. ती त्याने सांगितलेल्या कुठल्याही ट्राममध्ये चढली असती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"पुढची... डेपोत जाते," तो म्हणाला. "मागची घे."

मागचीत ती दोघं चढली. लोकांनी भराभर उठून जागा करून दिली. ती त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसली. पूल गेला, गोदामं गेली. चौक जवळ आला तसा तो पुन्हा पुटपुटायला लागला. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द. "उतरल्यावर... समोर जाऊ नको. मागे वळ. पहिली येईल... ती जलद. सोड ती."

ती दोघं चौकात उतरली आणि पहिली आली. रिकामी, थंडगार, दारं उघडी टाकून उभी. तिला वाटलं, धावत जाऊन चढावं. त्याने तिच्या बोटांवर बोटं दाबली. तिने ती सोडली. दुसरी आली, ड्रायव्हरच्या डाव्या हाताचा दिवा पेटलेला. चढता चढता कुणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, त्याने वायरलेसवर निरोप दिला, आणि इस्पितळाच्या थांब्यावर दारं उघडली तेव्हा दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभेच होते.

फुप्फुसांत पाणी साठलं होतं. त्याला ऑक्सिजन लावला आणि तातडीने मशीनवर घेतलं. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चिडलेल्या होत्या.

"थोडा आणखी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. इतक्या वेळा डायलिसिस चुकतंच कसं? सिस्टर म्हणते, ट्राम चुकते. हे काय कारण झालं?"

कात्रीबाईच्या ओठांवर तेच उत्तर तयार होतं. महिनाभर तेच तर सांगत आली होती ती सगळ्यांना. शब्द जिभेपर्यंत आले आणि ती थांबली.

"ट्राम नाही चुकत त्यांची," ती म्हणाली. "त्यांना यायचं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्या तिच्यासमोर बसल्या. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाजातला राग गेला होता.

दुसऱ्या दिवशी लेक आली. तिला सगळं सांगताना कात्रीबाईला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. पण लेक आईच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. बापापाशी मात्र खूप रडली, आणि बाप तिला थोपटत "अगं, अगं" करत राहिला. जणू आजारी तीच होती.

इस्पितळात मनाच्या डॉक्टरकडेही त्याला पाठवलं. तिथे तो दोनदा गेला, तिसऱ्यांदा म्हणाला, तो पोरगा फारच मान डोलावतो. सिस्टरला सांगून त्याने खुर्ची बदलून घेतली. पलीकडच्या रांगेतली, दाराकडे तोंड करून असलेली. घड्याळवाल्याच्या बायकोला भेटायला कात्रीबाई त्याला घेऊन गेली. तिथे तो फार बोलला नाही. परत येताना एवढंच म्हणाला, "लिफ्टच आधी. हे त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही."

अधिकारी मुलीचा फोन आला. गोल चौकात नव्या पाट्या लागल्या होत्या, इस्पितळाच्या ट्रामला इस्पितळाचं नाव आणि बंदराच्या ट्रामला बंदराचं. "तुमच्यामुळे झालं हो मावशी," ती आनंदाने म्हणाली. "तुमच्या मिस्टरांना सांगा, आता नाही चुकायचे." कात्रीबाई "हो, सांगते," म्हणाली आणि फोन ठेवून कितीतरी वेळ कापडाच्या थरावर हात ठेवून उभी राहिली. आता त्याच्यापाशी तेवढंही निमित्त राहिलं नव्हतं.

बरोबर जायचा हट्ट तिने धरून पाहिला. तो म्हणाला, "नको. तू सोडायला आलीस की मी सामान होतो. मी एकटा जाईन. पण ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी मी तुला तसं सांगेन, आणि तू समजूत घालायची नाहीस. कबूल?"

तिला कबूल नव्हतं. कुठल्या बायकोला असेल? तरी ती हो म्हणाली, कारण दुसरं काही शिल्लक नव्हतं.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी ती सुरक्षारक्षकांच्या शर्टांच्या बाह्या कापत असताना फोन वाजला. तोच होता. मागून घंट्या आणि गर्दीचा आवाज येत होता.

"चौकात आहे," तो म्हणाला. "आज नको वाटतंय."

तिने मशीन बंद केलं. बटणवालीने वळून बघितलं. कात्रीबाईच्या जिभेवर सगळं आलं, लेक, डॉक्टरीणबाई, ते निळे ओठ. ते सगळं तिने गिळलं.

"बरं," ती म्हणाली.

"तू काही बोलणार नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, समजूत घालू नको म्हणून."

"म्हणजे अगदी तोंड शिवून बस असं नाही. दुसरं काहीतरी बोल."

मग ती बोलली. मालकिणीने मापं चुकीची दिली म्हणून सगळे रक्षक एकाच पोटाचे निघणार होते, ते सांगितलं. बटणवालीची सासू आता नव्या पाटीला नावं ठेवते, पूर्वी फुकट बंदर बघायला मिळायचं म्हणते, तेही सांगितलं. तो मध्ये मध्ये हुंकार देत होता. दोन ट्रामा येऊन गेल्याचं तिला ऐकू आलं. कुठल्या, ते तिने विचारलं नाही. बोलायचं संपलं. टेबलाची कड तिने घट्ट धरली.

घंटी वाजली. दारं सरकल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ नुसती खरखर.

"अगं, बसायला जागाच नाही," तो वैतागून म्हणाला. "इस्पितळात आज सगळ्या गावाचं काय काम आहे?"

"कुणाला तरी उठवा," कात्रीबाई म्हणाली. "आजारी आहे म्हणावं."